‘स्टेटस’ फाइलच्या जुन्या प्रती

हिंजवडीच्या कंपन्यांसाठी पुनावळ्यातून घरूनच काम करणारे बरेच. उबुंटूचं अपडेट चालू असताना वीज गेली आणि इन्व्हर्टरनेही दगा दिला, की मशीन पुन्हा सुरू होतं खरं, पण पॅकेज बसवायला जावं तर पॅकेजांचा कारभार पाहणारं डीपीकेजी हात वर करतं: ‘स्टेटस’ फाइल वाचता येत नाही. ‘फॉरमॅट मार’ हा सल्ला शेजारून लगेच मिळतो. तो बहुतेक वेळा मानावा लागत नाही, आणि त्याचं श्रेय तीस वर्षांपूर्वीच्या एका निर्णयाला आहे.

उबुंटू ज्यावर उभं आहे, त्या डेबियनची घोषणा इयन मरडॉक यांनी ऑगस्ट १९९३मध्ये केली. डीपीकेजी आधी शेल स्क्रिप्ट होतं, मग पर्लमध्ये आलं. १९९४मध्ये इयन जॅक्सन यांनी त्याचा गाभा सी भाषेत लिहिला. बसवलेल्या पॅकेजांची नोंद, म्हणजे ‘स्टेटस’ फाइल, साध्या मजकुरात राहिली; हाच तो निर्णय. फाइल उघडली की नाव, आवृत्ती आणि ‘इन्स्टॉल ओके इन्स्टॉल्ड’ हा शेरा डोळ्यांनी वाचता येतो. नवी नोंद लिहिताना आधीची ‘स्टेटस-ओल्ड’ म्हणून मागे राहते. शिवाय रोजचं एक काम ‘व्हार’मधल्या ‘बॅकअप्स’ फोल्डरात प्रत टाकतं. फाइल बदलली असेल तरच, आणि अशा सात प्रती राहतात.

रेड हॅटच्या आरपीएम या पॅकेज व्यवस्थापकाने दुसरी वाट धरली. तिथली नोंद बर्कली डीबीत, माणसाला न वाचता येणारी. म्हणून ‘रीबिल्ड-डीबी’ची आज्ञा पाठ करावी लागे. ऑक्टोबर २०२०च्या फेडोरा ३३पासून तिथे एसक्यूलाइट आलं.

मधल्या काळात धोका फाइलसिस्टिमकडून वाढला. २००८अखेर स्थिरावलेली एक्स्ट४ डेटा उशिरा डिस्कवर उतरवते. ऐन वेळी वीज गेली की शून्य बाइटच्या फाइली उरू लागल्या. पुढे डीपीकेजी ‘एफसिंक’ करून, म्हणजे डेटा डिस्कवर उतरल्याची खात्री करून, मगच फाइलचं नाव बदलू लागलं.

दुरुस्ती सोपी आहे: बिघडलेली फाइल बाजूला ठेवायची, शेवटची धड प्रत तिच्या जागी आणायची. पण स्टेटस हा सातबारा. प्रत घेतल्यानंतरचे फेरफार ‘डीपीकेजी-लॉग’मध्ये असतात. त्यातून तारखा जुळवून तेवढी पॅकेजं पुन्हा बसवली नाहीत, तर यंत्रात एक आणि नोंदीत भलतंच.

या सातही प्रती सहसा मूळ फाइलच्याच डिस्कवर असतात. वीज गेली तर त्या तारतील; डिस्कच गेली, तर बाहेर ठेवलेला बॅकअप लागणारच.