८ नोव्हेंबर : ‘बेबी ऑस्टिन’चे जनक

१८६६ : मोटार कारखानदार हर्बर्ट ऑस्टिन यांचा इंग्लंडमध्ये जन्म. पहिल्या महायुद्धानंतर त्यांची कंपनी कर्जात बुडाली, मोठ्या गाड्या खपेनात. छोट्या गाडीला संचालकांचा विरोध. मग ऑस्टिन यांनी १८ वर्षांच्या स्टॅन्ली एज या ड्राफ्ट्समनला घरी बोलावले आणि बिलियर्ड्सच्या खोलीत आराखडे काढून घेतले. १९२२ मध्ये ‘ऑस्टिन सेव्हन’ ऊर्फ ‘बेबी ऑस्टिन’ आली : चार सिलिंडर, चारही चाकांना ब्रेक, आकाराने इतकी आटोपशीर की अरुंद बोळांतूनही सहज निघेल! साइडकारमध्ये बायकापोरांना कोंबून नेणारा इंग्लंडमधला मध्यमवर्ग तिच्याकडे वळला. १९३९ पर्यंत सुमारे २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. बीएमडब्ल्यूची पहिली मोटारही हिच्याच परवान्यावर बनलेली.