दापोलीचा अर्ज (१८९४) : नोकरीच्या अर्जलेखनाचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
बायोडाटा आणि अर्जासोबतचे पत्र कसे लिहावे, याचे मार्गदर्शन आज महाविद्यालयांतून केले जाते. पात्रता नेमकी सांगावी, पुरावा द्यावा व मागणी स्पष्ट करावी, ही त्याची सर्वमान्य सूत्रे होत. परंतु उमेदवाराला जन्मावरूनच अपात्र ठरविले जात असेल, तर त्याने अर्जात काय लिहावे ? रत्नागिरी जिल्ह्यातील एका अर्जाच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महार समाजाचे सैनिक मोठ्या संख्येने होते. निवृत्तीनंतर त्यांतील अनेक कुटुंबे दापोलीत स्थायिक झाली. पुढे 'लढाऊ जमाती'च्या सिद्धांताने लष्करी धोरणात मूळ धरले व १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यात आली. त्यामुळे पगार व निवृत्तिवेतन तर गेलेच, शिवाय लष्करामुळे मुलांना मिळणारी शिक्षणाची संधीही गेली.

अर्जाचे स्वरूप :
लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेले गोपाळ बाबा वलंगकर यांनी 'अनार्य दोष-परिहारक मंडळी'च्या वतीने १८९४ मध्ये मुंबई लष्कराच्या सरसेनापतींना उद्देशून विनंती अर्ज तयार केला. पूर्वजांची लष्करी सेवा हा त्यातील एक आधार होता. आजच्या भाषेत तो एका समाजाचा बायोडाटाच होय. दुसरा आधार मात्र आपण मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा हा होता. येथे अर्जदाराने निवड करणाऱ्याचीच मोजपट्टी, म्हणजे कुळ, स्वीकारलेली दिसते. अर्जाचे सामर्थ्य पहिल्या आधारात आहे, तर त्याची मर्यादा दुसऱ्यात.

पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज करण्यात आला. पोलीस व लष्करातील अगदी खालच्या जागांची माफक मागणी त्यात होती. पण तिचा पाया कुळापेक्षा समान हक्कावर अधिक होता. सोळा वर्षांत अर्जाची भाषा अशी बदलली.

परिणाम :
भरतीचे दार उघडले ते प्रामुख्याने युद्धाच्या गरजेने. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. ती १९२१ मध्ये बरखास्त झाली. कायमस्वरूपी महार रेजिमेंट १९४१ मध्ये स्थापन झाली.

निष्कर्ष :
अर्ज उत्तम असला तरी निवडीचा निकष अन्यायकारक असेल, तर तो निष्फळ ठरू शकतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६ ने शासकीय नोकरीत जात, लिंग, वंश, जन्मस्थान इत्यादी कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. त्यामुळे केलेले काम हाच अर्जाचा मुख्य आधार असावा, हे विद्यार्थ्यांना निःशंकपणे सांगता येते. प्राध्यापक मात्र अर्जलेखन शिकवितात, तसेच निवड समितीतही बसतात. आडनाव व गाव वाचून मत बनविण्यापूर्वी समोरचा बायोडाटा पूर्ण वाचणे, ही त्यांचीही जबाबदारी आहे.