धुळवडीचं चिलखत

धुळवडीच्या सकाळी आमच्या दुकानापुढे रांग लागायची, पण ती रंगासाठी नव्हे. बाहेरगावच्या माणसाला हे पटकन उमगत नाही. नाशकात रंग खेळायचा तो रंगपंचमीला, रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारून. धुळवड असते वीरांची. घराण्यात कुणी लढाईत किंवा अवेळी गेलं असेल, तर त्याचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात असतो. तो या दिवशी गोदावरीवर न्हायला जातो. लाल फडक्यात नारळाबरोबर टाक बांधायचे आणि ते घरातल्या एकाने हातात धरायचे. हा एक जण बहुतेक वेळा राम, खंडेराव, हनुमान नाहीतर शिवाजी महाराज झालेलं आठ-दहा वर्षांचं पोर असतं. पुढे हलगी, मागे घरची मंडळी. बुधवार पेठेतून निघणारा दाजीबा वीर तर डोक्याला भलंथोरलं बाशिंग बांधून येतो. हळद लागलेला हा नवरदेव लग्नाआधीच मारला गेला, असं सांगतात. या सगळ्यांचं शेवटचं ठिकाण एकच, रामकुंड.

आणि रामकुंडात पाणी असतं. आमच्या धंद्याचा सगळा इतिहास या एका अडचणीत मावतो.

माझ्या वडिलांची, अण्णांची, वेश भाड्याने देणारी ड्रेपरी होती. शाळेची गॅदरिंगं, गणपतीतले मेळे, हौशी नाटकं आणि वर्षातून एक दिवस वीर. रामाचा मुकुट, रावणाची छाती, मावळ्याची ढाल, सगळं पुठ्ठ्याचं. चपलांच्या खोक्यांचा पुठ्ठा पातळ पडायचा म्हणून अण्णा कापडाच्या ताग्यांबरोबर येणारा जाड पुठ्ठा आणायचे, रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि सकाळी पाण्याच्या घागरीवर दाबून बांधायचे. सुकला की छातीचा बाक आपसूक यायचा. त्यावर जुन्या धोतराचे तुकडे चिंचोक्याच्या खळीने डकवायचे, वर पिवळी माती, त्यावर बेगड. लांबून पितळ वाटायचं. जवळून कुणी बघतच नसे. वीराकडे बघताना लोकांचे हात जोडलेले असतात, डोळे कुठे उघडे असतात!

संध्याकाळी मात्र परत आलेले मुकुट पापडाच्या ओल्या लाट्यांसारखे लोंबायचे. चिंचोक्याची खळ पाण्यापुढे टिकत नाही, ती सरळ विरघळते. अण्णा चिडायचे नाहीत. होळीनंतरचा आठवडा दुरुस्तीचा, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं होतं.

ही विद्या त्यांची नव्हती. ती आमच्या आजीकडून आली होती आणि आजीला ती टोपल्यांमधून मिळाली होती. जुन्या बायका रद्दी भिजवून कुटायच्या, त्यात वाटलेल्या मेथ्या मिसळायच्या आणि तो लगदा बांबूच्या टोपलीला आतबाहेर लिंपायच्या. अशा टोपलीत पीठ ठेवलं तरी गळत नसे. मेथीचा चिकटपणा लगद्याला धरून ठेवतो आणि कडूपणामुळे किडा फिरकत नाही. माझ्या मते चिलखताचा मूळ सिद्धान्त इथेच आहे: आतलं हलकं आणि वाकणारं, ताकद वरच्या कातडीत.

तोच सिद्धान्त मोठ्या मापात बघायचा तर पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर किंवा शेजारच्या जव्हार-मोखाड्याला बोहाड्याला जावं. रात्रभर संबळ आणि सनई, टेंभ्यांचा उजेड, आणि एकामागून एक येणारी सोंगं: गणपती, मोरावरची शारदा, मच्छ, नरसिंह, त्राटिका, दहा तोंडांचा रावण, शेवटी देवी आणि महिषासुर. गावात कोणतं सोंग कुणाच्या घरचं हे ठरलेलं असतं. काही मुखवटे लाकडी, काही कागदाच्या लगद्याचे. लाकडाचा मुखवटा पिढ्यानपिढ्या चालतो, पण तो डोक्यावर घेऊन नाचणाऱ्याची मान विचारा. म्हणून लगदा आला, मागच्या डोलाऱ्याला बांबूच्या कामट्या आल्या. दरवर्षी वरून नवा रंग चढतो. कॉलेजात असताना एका मुखवट्याचा टवका उडालेला मी पाहिला होता. आत हिरवा, त्याच्या आत पिवळा, त्याच्या आत आणखी एक लाल. झाडाच्या खोडात वर्षं मोजावीत तशी ती सोंगं मोजता आली असती.

नाशिककरांना सोंगांचं वेड लागायला बोहाडा पुरेसा होता, त्यात फाळके आले. त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या या माणसाने मुंबईत जे. जे.मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, मूर्तिकाम असं सगळं पदरात पाडून घेतलं होतं. मधल्या काळात जादूचे प्रयोगही केले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला आणि त्यानंतर त्यांनी बिऱ्हाड नाशकात हलवलं. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही केले. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली आणि पुढच्या वर्षी ‘कालियामर्दन’ आला. त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. हा चित्रपट बऱ्याच अंशी उरला आहे, आणि मी तो पाहते तो त्या नागासाठी. पाण्यात बुडणारा, वळणारा, पोरीला अंगावर घेणारा एवढा मोठा बनवलेला नाग! शंभर वर्षांपूर्वी या माणसापुढेही माझीच अडचण होती, फक्त त्याचं रामकुंड पडद्यावर होतं. फाळके नाशकातच १९४४ साली गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथून जाताना मला स्मारकाआधी तो नाग आठवतो.

मग टीव्हीने गिऱ्हाईक बदललं. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं आणि त्या धुळवडीला प्रत्येक रामाला टीव्हीतल्यासारखाच मुकुट हवा झाला. पुढच्या वर्षी ‘महाभारत’. ‘अण्णा, कर्णाची कवचकुंडलं आहेत का?’ हा प्रश्न त्याआधी कुणी विचारला नव्हता. अण्णांनी थर्माकोल आणला. मखरवाल्यांकडून तापलेल्या तारेने कापायला शिकले. हलका, पाण्याला न घाबरणारा, स्वस्त. पण त्याच्यावर स्प्रेचा सोनेरी रंग मारला की तो फसफसून खचायचा, कारण रंगातलं द्रावण थर्माकोल खातं. आधी कागदाचा थर, मग रंग. पुन्हा आजीचीच टोपली. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मला वाईट वाटलं नाही, घाटाच्या पायऱ्यांवर त्याचे पांढरे दाणे मी पुष्कळ वर्षं पाहिले होते.

फोम माझ्या वाट्याला आला तो चपलांच्या बाजारातून. ईव्हीए म्हणतात त्याला; चपलेचा तळ, पोरांच्या खोलीतल्या जोडायच्या चटया, व्यायामशाळेतली जमीन, सगळं तेच. पाच मिलिमीटर छातीला, दहा खांद्याला, दोन नक्षीला. आधी पोराला अंगभर चिकटपट्टी गुंडाळायची, तिच्यावर पेनने जोड आखायचे, कापून काढलं की बेतायचे कागद तयार. पातं फोमच्या बाहेर आलं की लगेच परजायचं, नाहीतर कड कुरतडल्यासारखी दिसते. हीटगनचा वारा फिरवला की पृष्ठभाग क्षणभर चकाकतो आणि बारीक छिद्रं मिटतात. तेवढ्यात उपड्या तपेल्यावर दाबून धरायचं. अण्णांची घागर गेली, तपेलं आलं, एवढाच फरक. रबरी सोल्यूशन दोन्ही कडांना लावून बोटाला चिकटेनासं झालं की मग जोडायचं. एकदा जुळलं की सुटत नाही, म्हणून श्वास रोखून जोडायचं.

इथवर सोपं. मी फसले ती कातडीत. पहिल्या चिलखताला मी सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाचे चार हात दिले आणि वर दारं-खिडक्या रंगवायचा ऑइलपेंट. दुकानात ते आरशासारखं दिसलं. पोराने कोपर वाकवलं आणि रंग पापडासारखा तडकला. घाटावर पाणी उडालं तसा भेगांतून गोंद ओला झाला, दुधाळ पडला आणि पोराचा सदरा त्याला चिकटला. अण्णा तेव्हा होते. काही बोलले नाहीत, पण चिंचोक्याची आठवण आम्हा दोघांना एकदमच झाली असणार. त्यानंतर मी वाकणारा रबरी थर पातळ-पातळ तीनदा देते, प्रत्येक हात पुरता सुकू देते, मग काळा, त्यावर स्पंजने घासलेली चांदी, शेवटी पारदर्शक पॉलियुरेथेन. चार दिवस जातात. हे चार दिवस वाचवायला गेलं की पाणी आत शिरतं.

गेल्या धुळवडीला एक मुलगा आयर्न मॅन होऊन आला. हातात लाल फडकं, नारळ, चार पिढ्यांचे टाक. त्याच्या आजीने मला विचारलं, ‘ताई, हा कुठला देव म्हणायचा?’ मी म्हटलं, ‘लोखंडाचा वीर आहे, आजी.’ तिला पटलं की नाही माहीत नाही. तिने त्यालाही कुंकू लावलं. माझी अडचण वेगळीच होती. दहा मिलिमीटरच्या हातमोज्यात नारळ ठरत नव्हता. मोजा काढला तर आयर्न मॅन कसला, ठेवला तर टाक पाण्यात. दारातच कात्री घेऊन मी तळव्याचा फोम कापून काढला.

संध्याकाळी चिलखत परत आलं तेव्हा दोन्ही खांद्यांत पाणी डुचमळत होतं. उपडं करून दोरीवर टांगलं. फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीची शिवजयंती असते, म्हणजे धुळवडीनंतर दोनच दिवसांनी, आणि महाराजांच्या वेशातही अंगरख्याखाली चिलखत हवं, अफझलखानाच्या भेटीला महाराजांनी घातलं होतं तसं. पुठ्ठा दोन दिवसांत कधी सुकायचा नाही. अण्णा त्यासाठी दुसरा संच माळ्यावर ठेवायचे. मी रात्री उठून बोट लावून पाहिलं. फोम कोरडा होता. फक्त कापलेल्या तळव्याची कड, जिथे थर दिलेला नव्हता, तेवढी ओली होती.