जॉन डी याचा हरवलेला ग्रंथसंग्रह

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाचा मुहूर्त ज्यानें काढून दिला, तो जॉन डी आज बहुधा जादूगार म्हणूनच ओळखला जातो. हें त्या पंडिताचें दुर्दैवच म्हणावयाचें. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यांच्या जुन्या संस्थेनें सन २०१६ च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत त्याच्या पुस्तकांचें प्रदर्शन मांडलें होतें. देवदूतांशीं संवाद साधण्याच्या त्याच्या नादाची साक्ष देणारा स्फटिकही तेथें होता. परंतु प्रदर्शनाचें खरें वैभव पुस्तकांच्या समासांत होतें.

डी याचा जन्म १५२७ चा. गणित, ज्योतिष व नौकानयन हे त्याचे विषय. युक्लिडच्या भूमितीचें इंग्रजी भाषांतर १५७० सालीं निघालें, त्यास प्रस्तावना त्याचीच. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत मठ मोडले गेले आणि तेथील हस्तलिखितें रद्दीच्या भावानें विकलीं गेलीं. तेव्हां १५५६ मध्यें डीनें मेरी राणीकडे अर्ज केला, कीं उरलेलीं तरी गोळा करून राष्ट्राचें एक ग्रंथालय करावें. अर्ज व्यर्थ गेला. मग थेम्सकांठच्या मॉर्टलेक येथील आपल्या घरींच त्यानें संग्रह वाढविला. त्याच्या सांगण्याप्रमाणें तो सुमारें चार हजार ग्रंथांचा होता, व त्यांपैकीं हजारएक हस्तलिखितें होतीं. कोणा विद्यापीठासही हेवा वाटावा असा हा संग्रह एका गृहस्थाच्या घरांत होता!

सन १५८३ मध्यें पोलंडकडील एका सरदाराबरोबर तो परदेशीं गेला. निघण्यापूर्वीं त्यानें ग्रंथांची यादी केली आणि घर मेहुण्यावर सोंपविलें. १५८९ मध्यें परतून पाहतो तों संग्रह लुटलेला! कित्येक पुस्तकें निकोलस साँडर नांवाच्या इसमाकडे गेलीं. हा डीचा शिष्य असावा असा तर्क आहे. त्यानें तीं स्वतः चोरलीं असोत वा दुसऱ्याकडून घेतलीं असोत, मूळ धनी कोण हें त्यास पुरतें ठाऊक होतें. कारण डीची सही खरडून, धुऊन तिच्यावर त्यानें आपलें नांव लिहिलें. कांहीं पुस्तकें डीला परत मिळालीं, पण म्हातारपणीं दारिद्र्य आल्यावर पोटासाठीं त्याला पुस्तकें विकावीं लागलीं.

साँडरकडचीं पुस्तकें पुढें डॉर्चेस्टरच्या मार्क्विसकडे आलीं. १६६६ च्या आगींत वैद्यांच्या संस्थेचें बहुतेक ग्रंथालय जळालें होतें. मार्क्विस १६८० मध्यें वारल्यावर त्याच्या घराण्यानें त्याचा संग्रह तिला दिला. त्यांत डीचीं शंभराहून अधिक पुस्तकें निघालीं. चोराच्या हातून कां होईना, तीं एकत्र राहिलीं.

डी हातांत लेखणी घेऊन वाची. महत्त्वाच्या ओळीकडे बोट दाखविणारा हात तो समासांत काढी, कोठें मनुष्याचा चेहरा. सिसेरोच्या ग्रंथांत तर शिडें फुगलेलें एक देखणें जहाज आहे. आणि साँडरच्या नांवाखालीं, नीट न्याहाळल्यास, पुसट झालेलें जॉन डीचें नांव अजून वाचतां येतें.