समुद्राच्या गोंगाटाचं मोजमाप

1942 साली अमेरिकेने चेसापीक उपसागराच्या तोंडाशी जर्मन पाणबुड्यांची चाहूल घ्यायला पाण्याखाली हायड्रोफोन बसवले. त्यांतून असा खडखडाट येऊ लागला की पाणबुडी ऐकू येणं अशक्यच. तो होता क्रोकर माशांचा. आपले घोळ आणि ढोमा याच कुळातले. ज्या बोतीसाठी घोळीला सोन्याचा भाव येतो, त्या हवेच्या पिशवीवर स्नायू झपाट्याने थरथरवून हे मासे आवाज काढतात. सॅन डिएगोकडे एका लहानशा कोळंबीने तसाच गोंधळ घातला. तिची मोठी नांगी मिटताना पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटतो तेव्हा कडकड ऐकू येते, हे मात्र 2000 सालीच सिद्ध झालं.

या अडचणीतूनच गोंगाट मोजण्याची विद्या जन्मली. व्हर्न नुडसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी युद्धकाळातली मोजमापं 1948 मध्ये प्रसिद्ध केली. समुद्र जितका खवळलेला तितका गोंगाट जास्त, आणि कंप्रता दुप्पट झाली की तो सुमारे 5 डेसिबलने उतरतो, असं त्यांच्या आलेखांनी दाखवलं. माझ्या मते खरा जन्म इथेच झाला: तोवर नको असलेला आवाज आता स्वतःच अभ्यासाचा विषय बनला. 1962 मध्ये गॉर्डन वेन्झ यांनी त्यात दूरवरच्या जहाजांच्या खालच्या पट्टीतल्या घरघरीचीही भर घातली.

मच्छीमारीला या मोजमापाची गरज पडली ती ट्रॉलच्या जाळ्यावर बिनतारी सेन्सर आले तेव्हा. जाळ्याचं तोंड किती उघडलं, मासळी किती भरली, हे सेन्सर ध्वनीच्या स्पंदांनी बोटीच्या हायड्रोफोनला कळवतात, बहुतेकदा 40 किलोहर्ट्झच्या आसपास. त्या पट्टीत समुद्र तसा शांत असतो. गोंगाट करते ती आपलीच बोट. जाळं मागे, मध्ये पंख्याने घुसळलेलं बुडबुड्यांचं पाणी. म्हणून सेन्सर बंद ठेवून, इंजिनाचे फेरे टप्प्याटप्प्याने वाढवत, खोली मोजणारा इको साउंडर एकदा चालू, एकदा बंद ठेवून हायड्रोफोनवरची पातळी टिपतात. संकेत त्या पातळीच्या पुरेसा वर नसेल, तर महागड्या सेन्सरलाही दोष देण्यात अर्थ नसतो. आधी हायड्रोफोनची जागा बघावी: तो पंख्यापासून दूर आणि बुडबुड्यांच्या वाटेबाहेर हवा.

संशोधन जहाजांनाही स्वतःचा गोंगाट नडतो. 1995 मध्ये रॉन मिटसन यांनी आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषदेसाठी संशोधन जहाजांच्या आवाजाची मर्यादा आखली. कॉड आणि हेरिंग मासे बिचकू नयेत, इको साउंडरला त्रास होऊ नये, हा हेतू. त्या मापाने नॉर्वेने ‘जी. ओ. सार्स’ हे शांत जहाज बांधलं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत हेरिंग जुन्या, गोंगाटी जहाजापेक्षा या शांत जहाजाला जास्त बिचकली.