फ्रान्या पार्टिझान रुग्णालय

दुसऱ्या महायुद्धात स्लोव्हेनियातील प्रतिकार सैनिकांनी (पार्टिझान) चालविलेले गुप्त रुग्णालय. ते त्सेर्क्नोजवळच्या डोलेन्यी नोवाकी गावानजीक, पासित्सा नावाच्या अरुंद घळीत होते. डॉ. व्हिक्टर वोल्चाक यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४३ मध्ये ते सुरू झाले. १९४४ च्या आरंभी डॉ. फ्रान्या बोइत्स बिदोवेत्स यांनी कारभार हाती घेतला. रुग्णालयाला नाव त्यांचेच मिळाले.

जखमींना रात्रीच्या वेळी, डोळे बांधून आणीत. माग राहू नये म्हणून वाहक ओढ्याच्या पात्रातून चालत. शेवटचा चढ लाकडी पुलांवरून होता आणि हे पूल गरजेनुसार काढून घेता येत. विमानातून दिसू नयेत म्हणून झोपड्या झाडीने झाकल्या होत्या. युद्ध संपेपर्यंत तेथे लाकडी इमारती उभ्या राहिल्या : शस्त्रक्रियागृह, क्ष-किरण कक्ष, स्वयंपाकघर, अपंगांचा कक्ष, शिवाय एक छोटे जलविद्युत केंद्र. चारही बाजूंना जर्मन फौजा असताना हे सारे उभारणे थक्क करणारे आहे. त्यात आसपासच्या शेतकऱ्यांचा वाटा डॉक्टरांइतकाच मोठा मानावा लागेल. अन्न त्यांनीच पुरविले आणि गुपितही राखले.

पाचशेहून अधिक गंभीर जखमींवर येथे उपचार झाले. त्यांत स्लोव्हेनियनांबरोबर इटालियन, फ्रेंच, रशियन, पोलिश आणि अमेरिकन सैनिकही होते. शत्रूला हे ठिकाण अखेरपर्यंत सापडले नाही.

युद्धानंतर तेथे संग्रहालय झाले. सप्टेंबर २००७ च्या पुरात बहुतेक इमारती वाहून गेल्या. त्यांची पुनर्बांधणी करून २०१० मध्ये ते पुन्हा खुले करण्यात आले.