भग्न विमानांची ओळख

दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या ज्या बाँबफेकी दळास 'बाँबर कमांड' म्हणत, त्यांतील ५५,५७३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. बर्लिन, हँबुर्ग व रूरचें खोरें येथील आकाशांत जे गेले त्यांच्याविषयीं पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले आहेत. परंतु ह्या संख्येंतील आठ हजारांहून अधिक लोक शत्रूच्या हातून मेले नाहींत. ते अपघातांत गेले, आणि त्यांतील कित्येकांनीं शत्रूचा प्रदेश एकदांही पाहिला नव्हता. लढाईवर जाण्यापूर्वीं 'ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट' नांवाच्या शिक्षण-तुकडींत रात्रीचें उड्डाण, दिशाशोधन, बाँबफेक यांचा अभ्यास करावा लागे. शिकणारे नवखे, विमानें बहुधा लढाईंत झिजून निवृत्त केलेलीं, आणि वर इंग्लंडचें धुकें व हिवाळा! विमानतळाच्या कडेस, शेजारच्या शेतांत, स्कॉटलंड व वेल्सच्या डोंगरांवर हीं विमानें कोसळलीं.

अपघात झाला कीं चौकशीसाठीं छायाचित्रें घेतलीं जात. त्यांतील कांहीं पुढें हातोहातीं फिरलीं, घरोघरच्या संग्रहांत चिकटविलीं गेलीं, आणि आज अशा अनेक प्रतींच्या पाठीवर ना स्थळ, ना तारीख, ना नांव. ह्या चित्रांतील विमान कोणतें हें शोधणें कोणास रिकामपणाचा छंद वाटेल. मला तसें वाटत नाहीं. विमानाचा क्रमांक सांपडला तर नोंदींत दिवस सांपडतो. दिवस सांपडला तर आंत कोण बसले होते हें कळतें. क्रमांक चुकला तर मात्र एकाच्या मृत्यूच्या चित्राखालीं दुसऱ्याच्याच मुलाचें नांव पडतें.

आरंभ विमानाच्या जातीपासून करावा लागतो, आणि येथें सर्वांत सोयीचें 'वेलिंग्टन' होय. शिक्षण-तुकड्यांत ह्याच विमानाचा भरणा मोठा होता. एकंदर ११,४६१ वेलिंग्टन बांधलीं गेलीं. बार्न्स वॉलिस ह्या कल्पक रचनाकारानें त्याचा सांगाडा ड्युराल्युमिनच्या तिरप्या पट्ट्या एकमेकींत गुंफून केला होता व त्यावर कापड ताणलें होतें. बुरुडानें विणलेली टोपली डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे ही रचना ध्यानांत येईल. आग लागली कीं कापड क्षणांत जळून जाई आणि ती जाळी उघडी पडे. चित्रांत कितीही चुरगळलेलें असो, जेथें अशी चौकटीचौकटींची जाळी दिसते तेथें शंकेस फारसें स्थान उरत नाहीं.

इतर जातींस निराळ्या खुणा आहेत. 'हँपडेन'चें धड जेमतेम तीन फूट रुंद, आणि मागील भाग बेडकाच्या पिलाच्या शेपटीसारखा बारीक. 'व्हिटली'चीं अंगें पेटीसारखीं सपाट. पुढें चार एंजिनांचीं विमानें आलीं तेव्हां 'स्टर्लिंग' आपल्या उंच पायांवरून व शेपटाखालच्या जोडचाकावरून कळे. ते उंच पाय धावपट्टीवर मोडत, म्हणून पोटावर बसलेलें स्टर्लिंग अशा चित्रांत वारंवार भेटतें. 'लँकॅस्टर' व 'हॅलिफॅक्स' ह्यांत घोटाळा होण्याचा संभव अधिक. दोहोंच्याही शेपटावर दोन उभीं पानें. परंतु लँकॅस्टरचीं पानें लंबवर्तुळाकार, तर हॅलिफॅक्सचीं आरंभीं त्रिकोणी असत. त्या त्रिकोणी पानांमुळें विमान वैमानिकाच्या ताब्यांतून जाई, असा कटु अनुभव आल्यावर तीं बदलून चौकोनी केलीं गेलीं. म्हणजे केवळ पानाच्या आकारावरून जात तर कळतेच, पण विमान आधींचें कीं नंतरचें हेंही कळतें.

काळ ठरविण्यास रंगही साह्य करतात. धडावरील वर्तुळचिन्हांतील पांढरें व पिवळें कडें १९४२ च्या मे महिन्यापासून अरुंद करण्यांत आलें. तेव्हां अरुंद कडें दिसलें तर चित्र त्यापूर्वींचें नव्हे. येथें एक सावधगिरी हवी. त्या काळच्या कांहीं फिल्म तांबड्या प्रकाशास आंधळ्या असत व त्यांवर पिवळा रंगही जवळजवळ काळा उमटे. शिक्षणाच्या विमानाचें पिवळें पोट पाहून, हें रात्रीं लढाईस जाणारें काळ्या पोटाचें विमान, असा भलताच निष्कर्ष अशानें निघतो.

शेपटाजवळच्या लहान अक्षरांतील क्रमांक हें सर्वांत मोठें धन. आधीं एक अक्षर व चार अंक अशी पद्धति होती. ती मालिका संपत आल्यावर १९४० पासून दोन अक्षरें व तीन अंक आले. शत्रूस एकंदर संख्येचा अंदाज लागूं नये म्हणून मधले कित्येक क्रमांक मुद्दाम गाळले जात. शत्रूसाठीं केलेली ही युक्ति आज संशोधकाच्या उपयोगीं पडते: एखादा अंक पुसट असेल व त्याचें एक वाचन गाळलेल्या क्रमांकांत पडत असेल, तर तें वाचन आपोआप बाद होतें.

ओळख कशी चुकते व कशी सुधारते ह्याचें उत्तम उदाहरण स्कॉटलंडांतील लॉक नेस सरोवराचें आहे. १९७६ सालीं तेथील प्रसिद्ध 'राक्षसा'चा शोध करणाऱ्या अमेरिकन मंडळीस ध्वनिलहरींच्या यंत्रावर तळाशीं एक विमान दिसलें. तें 'कॅटलिना' जातीचें समुद्रविमान असावें असें प्रथम वाटलें; दोहोंसही एंजिनें दोन व शेपटावर उभें पान एकच. पुढें एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठानें पाण्याखालीं कॅमेरे सोडले, तेव्हां त्यांत ती टोपलीसारखी जाळी दिसली. तें वेलिंग्टन होतें, क्रमांक एन २९८०, अक्षर 'आर'.

ह्याच विमानानें १८ डिसेंबर १९३९ रोजीं हेलिगोलंडजवळच्या भरदिवसाच्या लढाईंत भाग घेतला होता, जेथून निम्म्याहून अधिक विमानें परतलीं नाहींत. तेथून वांचलेलें हें विमान शिकाऊंच्या हातीं लॉसीमथ येथील २० व्या शिक्षण-तुकडींत आलें. ३१ डिसेंबर १९४० रोजीं बर्फाच्या वादळांत त्याचें उजवें एंजिन बंद पडलें. मुख्य वैमानिकानें शिकाऊंस हवाई छत्रीनें उड्या टाकावयास सांगितलें व स्वतः सहवैमानिकासह विमान सरोवरावर उतरविलें. ते दोघे वांचले. उडी टाकणाऱ्यांपैकीं मागच्या तोफेवरील जवान मात्र छत्री नीट न उघडल्यामुळें मरण पावला. १९८५ च्या सप्टेंबरांत तें विमान सुमारें २३० फूट खोलीवरून वर काढण्यांत आलें. ब्रुकलँड्स येथें तें बांधलें गेलें होतें, तेथील संग्रहालयांतच तें ठेवलें आहे.

क्रमांक हातीं आला म्हणजे पुढील शोध कागदांत. तुकड्यांच्या दैनंदिन्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत. शिवाय प्रत्येक अपघाताचें एक पत्रक, ज्यास 'फॉर्म ११८०' म्हणत, भरलें जाई. त्या पत्रकांत कारणासाठीं जागा थोडी, आणि पुष्कळदां तेथें 'वैमानिकाची चूक' एवढेंच लिहिलेलें आढळतें. अशा वेळीं पुन्हा छायाचित्राकडे वळावें, व प्रॉपेलरचीं पातीं पाहावीं. विमान पोटावर घसरत उतरलें असतां एंजिन फिरत असेल, तर सर्व पातीं सारखींच वांकतात. तें आधींच थांबलें असेल, तर जमिनीस लागलेलें खालचें पातें तेवढें वांकतें व बाकीचीं सरळ राहतात. उजवीकडचीं तिन्ही पातीं वांकलेलीं आणि डावीकडचीं दोन सरळ, असें चित्र असेल, तर डावें एंजिन मेलें असतां विमान खालीं येत होतें हें त्यांत स्वच्छ दिसतें. पत्रक भरणाऱ्यानें तें लिहिलें असो वा नसो.